अटक आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

लोकशाहीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मतदानाची रांग उभी राहते. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लागली, की लोकशाहीतले आपले काम झाले, असे पुष्कळांना वाटते. मतदान महत्त्वाचे आहेच. पण लोकशाहीची दुसरी एक कसोटी आहे, आणि ती एखाद्या आडवेळी लागते. गावाबाहेरच्या वस्तीवर पोलिसांची गाडी येते, घरातल्या एकाला घेऊन जाते, आणि मागे राहिलेली माणसे उंबऱ्यात उभी राहून एकमेकांना विचारतात: कुठे नेले? कशासाठी नेले? आता काय करायचे? या तीन प्रश्नांना जिथे ठरलेली उत्तरे आहेत, आणि ती मागण्याचा हक्क अगदी गरिबालाही आहे, त्याला कायद्याचे राज्य म्हणतात. आजच्या या भाषणात आपल्याला याच तीन प्रश्नांचा विचार करायचा आहे.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या तिसऱ्या भागात नागरिकांचे मूलभूत हक्क सांगितले आहेत. एकोणिसाव्या अनुच्छेदाने आपल्याला बोलण्याचे, शांततेने जमण्याचे, संघटना काढण्याचे, देशभर फिरण्याचे, कुठेही राहण्याचे आणि कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले. यादी मोठी आहे, आणि शाळेत मुले ती पाठही करतात. पण जरा विचार करा. जो माणूस कोठडीत बसला आहे, त्याला सभेला जाता येईल काय? शेतात, बाजारात, कामावर जाता येईल काय? माणसाचा देह मोकळा नसेल तर बाकीची सारी स्वातंत्र्ये कागदावर राहतात. म्हणून एकविसाव्या अनुच्छेदात घटनेने सांगितले, की कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. 'कोणाचेही' हा शब्द ध्यानात ठेवा. त्यात श्रीमंत आला, भूमिहीन आला, परदेशचा पाहुणा आला, आणि ज्याच्यावर चोरीचा आळ आहे तोही आला.

हे नियम आपल्याकडे पुस्तकातून आलेले नाहीत, अनुभवातून आलेले आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या दिवसांत रँडचा खून झाला. त्यानंतर सरकारने पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन अटकेत टाकले. त्यांच्यावर खटला चालवला नाही. आरोप काय, पुरावा काय, हे कोणत्याही न्यायाधीशापुढे मांडले नाही. सरकारच्या मनात आले आणि माणसे आत गेली. पुढे १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध देश उठला, तो याच कारणाने. वकील नाही, अपील नाही, असा कारभार त्या पिढीने सोसला होता. घटना समितीत बसलेल्या कित्येक सभासदांनी स्वतः तुरुंगवास भोगलेला होता.

तरीही मसुद्यात एक उणीव राहून गेली होती. कायद्याने ठरवलेली पद्धत एवढेच म्हटले, तर उद्या विधिमंडळाने जुलमी पद्धत ठरवली तर काय, अशी टीका झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी एक नवे कलम मांडले. तोच आजचा बाविसावा अनुच्छेद. यातले नियम फौजदारी कायद्यात आधीपासून आहेत, मग घटनेत कशाला, असा प्रश्न साहजिक होता. त्यांचे उत्तर असे होते, की साधा कायदा विधिमंडळ केव्हाही बदलू शकते; तोच नियम घटनेत बसवला, की विधिमंडळाचेही हात बांधले जातात.

हा अनुच्छेद अटक झालेल्या माणसाला मुख्यतः तीन गोष्टी देतो. अटकेचे कारण त्याला लवकरात लवकर सांगितले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्याला घेता आला पाहिजे. आणि अटकेपासून चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपण ज्यांना मॅजिस्ट्रेट म्हणतो त्यांच्यापुढे, उभे केले पाहिजे. प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ यातून वगळला आहे. रविवार आला, सण आला, कोर्ट बंद आहे, या सबबी त्यात बसत नाहीत.

चोवीस तासच का? यामागचे तत्त्व अगदी साधे आहे. पकडणारा आणि निवाडा करणारा एकच असू नये. गावच्या तंट्यात वादी स्वतःच पंच होऊन बसला, तर तुम्ही ते चालू देणार नाही. तसेच हे आहे. पोलिसाला संशय आला तर त्याने पकडावे; त्याचे ते कामच आहे. पण हा संशय खरा दिसतो की नाही, माणसाला आत ठेवायची गरज आहे की नाही, हे दुसऱ्या, त्रयस्थ डोळ्याने पाहिले पाहिजे. चोवीस तास ही तो दुसरा डोळा उघडण्याची मुदत आहे. अटकेविषयीचे बाकीचे बहुतेक नियम याच एका तत्त्वातून निघालेले तुम्हाला दिसतील.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्याने फिर्याद दिली आणि संशय शेजारच्या मळ्यातल्या सालदारावर घेतला. पोलीस आले आणि त्या गड्याला गाडीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यावर गेली, तर तिला सांगण्यात आले, 'अटक कुठे केलीय? नुसते चौकशीला बसवलेय.' असे दोन दिवस गेले. नोंदवहीत अटकच नाही, तर चोवीस तास मोजायचे कुठून?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. माणसाला उठून घरी जाण्याची मोकळीक राहिली नाही, त्या क्षणी त्याची अटक झाली. वहीत वेळ कोणतीही लिहिलेली असो; मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली ही गोष्ट सांगितलेली आहे. तेव्हा 'बसवून ठेवणे' हा कायद्यातला तिसरा प्रकार नव्हे. माणूस एक तर मोकळा असतो, नाही तर अटकेत असतो. म्हणून घरच्यांनी पहिली गोष्ट करावी ती ही, की माणसाला नेले त्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी.

दुसरे असे, की प्रत्येक गुन्ह्यात अटक केलीच पाहिजे असे नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या पस्तिसाव्या कलमाप्रमाणे, ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात अटक आवश्यक का, याची कारणे पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. आपल्या उदाहरणातली मोटरची चोरी साधारणपणे याच वर्गात पडते. नोटिशीप्रमाणे माणूस वेळेवर हजर राहत गेला, तर कारण लिहिल्यावाचून त्याला त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. मात्र नोटीस आली आणि भिऊन पाहुण्यांच्या गावी पळून गेला, तर हे संरक्षण त्याने स्वतःच घालवले असे होते. ही गोष्ट गावात नीट समजावून सांगण्यासारखी आहे.

आता मघाचे तीन प्रश्न घेऊ. कुठे नेले? याचे उत्तर घरच्यांना मिळालेच पाहिजे. अटक केल्याची आणि कुठे ठेवल्याची माहिती त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा त्याने नाव सांगितलेल्या मित्राला ताबडतोब देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती दिली की नाही याची खात्री पुढे दंडाधिकाऱ्याने करून घ्यायची असते. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची नावे ठेवणारा एक अधिकारी नेमलेला असावा आणि ती माहिती ठळक लावलेली असावी, असे नवी संहिता सांगते.

कशासाठी नेले? याचेही उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते कळेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले, की अटकेची कारणे अटक झालेल्याला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. ऐनवेळी ते शक्य नसेल तर तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या निदान दोन तास आधी तरी लेखी द्यावीत. ज्याला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, त्याच्या हातात इंग्रजी कागद ठेवून भागणार नाही. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामिनावर सुटण्याचा तुला हक्क आहे, हेही त्याला सांगावे लागते. अशा गुन्ह्यात गरिबीमुळे जामीनदार मिळत नसेल, तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे.

स्त्रियांसाठी आणखी काही नियम आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच झाला, तर स्त्री पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या वृद्धाला, अपंगाला किंवा फार आजारी माणसाला ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी गेले पाहिजे.

आता काय करायचे? हा तिसरा प्रश्न. इथे वकील लागतो, आणि आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून पुष्कळ माणसे गप्प बसतात. पण गरिबाला मोफत कायदेशीर मदत ही मेहेरबानी राहिलेली नाही, तो हक्क आहे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतले कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांतले कित्येक, त्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होती त्याहून अधिक काळ, खटला न चालताच आत होते. जामिनाला पैसा नाही, वकील नाही, एवढाच काय तो त्यांचा अपराध. त्या प्रकरणापासून मोफत वकील आणि लवकर सुनावणी यांना एकविसाव्या अनुच्छेदात जागा मिळाली. विधी सेवा प्राधिकरणांचा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये लागू झाला. आज तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. कोठडीत असलेला माणूस, स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा टेलिफोन क्रमांक आहे. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो लिहून ठेवावा.

इथे कुणी विचारील, 'अहो, चोराला कसले हक्क? ज्याची मोटर गेली त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. पहिली गोष्ट अशी, की अटकेच्या दिवशी तो चोर आहे की नाही, हेच आपल्याला ठाऊक नसते. ते ठरवण्यासाठी तर कोर्ट आहे. दुसरी गोष्ट, नियम मोडल्याने फिर्यादीचाही तोटा होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो ठेवला आहे. मार देऊन माणसाकडून काहीही वदवून घेता येते. सालदाराने मार चुकवण्यासाठी 'मीच नेली' म्हटले, तर तपास तिथेच थांबतो, आणि खरा चोर दुसऱ्या गावची विहीर पाहायला मोकळा होतो. कोर्टात तो कबुलीजबाब टिकत नाही, मोटरही परत येत नाही. तेव्हा आरोपीचा हक्क आणि फिर्यादीचे हित यांचे वैर नाही. नीट तपास करणाऱ्या प्रामाणिक फौजदारालाही या नियमांचा आधारच वाटतो. कारण सारे कागदोपत्री असले, की त्याच्यावर खोटा आळ घेता येत नाही.

हे सर्व नियम मोडले गेले तर? घटनेने त्याचीही वाट ठेवली आहे. बत्तिसाव्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाचे आणि २२६ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवले आहे. तिथे हेबियस कॉर्पसचा, म्हणजे देहोपस्थितीचा अर्ज करता येतो. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरून ठेवला आहे ते सांगा. तो अर्ज कोठडीतल्या माणसानेच करायला हवा असे नाही. त्याच्यासाठी नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो. बत्तिसाव्या अनुच्छेदाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते, ते उगाच नव्हे. दाद मागण्याची वाट नसेल तर हक्कांची यादी नुसती यादीच राहते.

आणि ही वाट किती साधी असू शकते पाहा. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांविषयी शीला बारसे या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्र हाच अर्ज मानून न्यायालयाने १९८३ साली महाराष्ट्र सरकारला आदेश दिले: स्त्रियांच्या कोठड्या निराळ्या असाव्यात, तिथे स्त्री पोलीस असावेत, आणि स्त्रियांची विचारपूस स्त्री पोलिसांच्या समक्षच व्हावी. ओरिसातल्या एका आईचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळांवर त्याचे प्रेत सापडले. तिनेही पत्रच लिहिले होते. १९९३ साली न्यायालयाने सरकारला तिला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पैशाने मुलगा परत येत नाही. पण कोठडीतल्या माणसाच्या जिवाला सरकार जबाबदार आहे, हे त्या निकालाने पक्के केले. १९८६ साली पश्चिम बंगालमधून डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंविषयी असेच पत्र पाठवले. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये जो निकाल लागला, त्याने अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा लेखी टाचणवजा कागद, अंगावरच्या जखमांची नोंद आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, असे नियम देशभर घालून दिले.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाविसाव्या अनुच्छेदातच प्रतिबंधक स्थानबद्धतेची सवलत सरकारला दिलेली आहे. गुन्हा घडलेला नसतानाही, पुढे घडेल या भीतीने माणसाला आत ठेवणारे कायदे करता येतात. तिथे चोवीस तासांचा नियम लागू नाही. तीन महिन्यांहून अधिक ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागते. म्हणजे दुसरा डोळा तिथेही आहे, पण तो उशिरा उघडतो. म्हणून ही सत्ता जपून वापरली जाते की नाही, याकडे लोकांनी जागरूकपणे पाहिले पाहिजे.

हा डोळा पार मिटला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात हजारो माणसे मिसा कायद्याखाली आत गेली. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकता येतात असे म्हटले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले, की त्या काळात अशी दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध बाजूला उभे राहिले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले, की आणीबाणीतही विसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांचे संरक्षण काढून घेता येणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चूक होता असे स्वतःच जाहीर केले. बहुमतातल्या न्यायमूर्तींपैकी एक यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याचे. आणि तो निर्णय रद्द ठरवणाऱ्या खंडपीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. न्यायालयेही चुकतात. पण चूक दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षे लागली, हे विसरू नये.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडेसे. नागरिकशास्त्राच्या तासाला हक्कांची यादी मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा, मोटरचोरीसारखे एखादे प्रकरण वर्गात मांडा. एकाला फौजदार करा, एकाला सालदार, एकीला त्याची बायको आणि एकीला दंडाधिकारी. कोणी काय विचारायचे, काय लिहायचे, किती वेळात करायचे, हे मुलांनाच ठरवू द्या. तोच धडा मुले घरी जाऊन आईबापांना सांगतील.

आणि एक काम तुमचे स्वतःचे आहे. अटकेचा जो कागद पोलिसांनी जागेवर करायचा असतो, त्यावर अटक झालेल्याची सही लागते आणि शिवाय निदान एका साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार घरचा माणूस तरी असावा, नाही तर त्या परिसरातली प्रतिष्ठित व्यक्ती तरी, असे कायदा म्हणतो. परिसरातली प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे कोण? गुरुजी, सरपंच, पोलीस पाटील, दवाखान्यातले डॉक्टर, जुनी जाणती माणसे, म्हणजे तुम्हीच. दंडाधिकाऱ्याचा डोळा चोवीस तासांनी उघडायचा असतो. त्याच्या आधी गावाचा डोळा उघडा असला पाहिजे. पोलिसांशी हुज्जत घालावी, कामात अडथळा आणावा, असे मी मुळीच म्हणत नाही. शांतपणे पुढे व्हावे, कारण विचारावे, वेळ पाहावी, कागद वाचावा, जे लिहिले आहे ते खरे असेल तरच सही करावी, आणि त्या माणसाच्या घरी निरोप पोचवावा. ज्या गावात एवढे करणारी चार माणसे आहेत, त्या गावातल्या गरिबाला घटनेतला बाविसावा अनुच्छेद वाचता आला नाही तरी त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.